नुकसान कोणाच्या खात्यावर?



या परिषदेचे अध्यक्षपद मला दिलेत, याबद्दल मी आपला मनापासून आभारी आहे. आपण यंदा चर्चेसाठी ‘उद्योगसंस्थेतील प्रभावी नेतृत्व’ हा विषय निवडला आहे. या विषयावरच्या पुस्तकांत गुणांच्या याद्या असतात. दूरदृष्टी, धडाडी, चिकाटी, बोलण्याची हातोटी. हे सगळे गुण अंगी असलेली माणसे मी बुडालेल्या कारखान्यांतही पाहिली आहेत. त्यामुळे एखाद्या संस्थेचा प्रमुख खरोखर नेता आहे की नाही, हे पाहताना मी एकच प्रश्न विचारतो. त्याच्या हाताखालच्या माणसाने आपल्या बुद्धीने निर्णय घेतला आणि तो चुकला, तर ते नुकसान कोणाच्या खात्यावर पडते? साहेबांच्या, की त्या माणसाच्या? या एका प्रश्नाचे उत्तर मिळाले की त्या संस्थेबद्दल बाकीचे बरेच काही आपोआप कळते.

याचे माझ्या लेखी सर्वांत मोठे उदाहरण आपल्याच मातीतले आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म 1869 सालचा. मुंबईला जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकायला गेले आणि तिथे लक्षात आले, की आपल्याला काही रंग नीट ओळखूच येत नाहीत. मग ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेत शिकवू लागले. तिथे बढतीची वेळ आली, तेव्हा ती त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला दिली गेली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठले. जन्मामुळे संधी नाकारली जाणे काय असते, हे त्यांनी स्वतः सोसले होते. पुढे त्यांनी माणसे कशी निवडली, ते या अनुभवाशेजारी ठेवून पाहावे असे मला वाटते.

बेळगावात सायकलींचे दुकान झाले, मग कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन विषारी होते अशी समजूत असल्याने शेतकरी त्या नांगराला हात लावीनात. पहिला नांगर खपायला दोन वर्षे लागली. तेवढ्यात नगरपालिकेला शहराच्या वाढीसाठी कारखान्याची जागा हवी झाली. अशा वेळी औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची बत्तीस एकर जमीन आणि दहा हजार रुपयांचे बिनव्याजी कर्ज देऊ केले. निवडुंगाने भरलेला, सापांचा वावर असलेला तो माळ. तिथे मार्च 1910 मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहू लागली.

आता आपण स्वतःला त्या माळावर कल्पून पाहा. कर्जाचा पैसा, जुन्या जागेवरून हलवलेली यंत्रे, जवळपास नीट वस्ती नाही. पहाऱ्याला कोणाला ठेवाल? लक्ष्मणरावांनी तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग या दोघांना ठेवले. दोघांनीही दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा भोगलेली होती. त्या काळच्या गावगाड्यात त्यांच्या जातीच संशयाच्या धनी होत्या. हेच दोघे किर्लोस्करवाडीचे अत्यंत भरवशाचे पहारेकरी ठरले. शाळा अर्धवट सुटलेले अनंतराव फळणीकर त्याच माळावर कल्पक यंत्रज्ञ झाले.

ही हकीकत आपण सहसा लक्ष्मणरावांच्या मोठ्या मनाचा दाखला म्हणून सांगतो. मला ती व्यवहाराची म्हणून जास्त महत्त्वाची वाटते. त्या पहाऱ्यात एक रात्र जरी दगाफटका झाला असता, तरी बुडणारा पैसा लक्ष्मणरावांचा होता आणि राजेसाहेबांपुढे उभे राहून उत्तरही त्यांनाच द्यावे लागले असते. हे समजूनच त्यांनी भरवसा ठेवला होता. आपण यंत्र विकत घेताना जोखीम घेतो, जमीन घेताना घेतो, परदेशी ग्राहकाला उधारीवर माल पाठवताना घेतो. माणसाच्या बाबतीत मात्र आपल्याला आधी पुरावा हवा असतो. लक्ष्मणरावांनी ती जोखीमही भांडवलाच्या इतर जोखमींइतकीच सरळपणे घेतली.

1920 साली त्यांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर यांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. सुरुवातीला ते कारखान्याच्या मालाची आणि कामाची माहिती देणारे पत्र होते. पुढे ते मराठीतले एक अग्रगण्य मासिक झाले, 1930 मध्ये ‘स्त्री’ आणि 1934 मध्ये ‘मनोहर’ ही भावंडे त्याला आली. रूढींवर टीका करणाऱ्या लेखांनी वादळे उठत. नांगर घेणारा शेतकरी दुखावला तर धंद्याला फटका बसेल, हे कोणालाही दिसण्यासारखे होते. तरीही संपादकाचा हात धरला गेला नाही. आणि ज्या राजाने या माळावर पैसा लावला, त्याने 1939 मध्ये आपल्या संस्थानाचा कारभारच प्रजेच्या प्रतिनिधींकडे सोपवला. आपल्या व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमांत औंधचे नाव मी क्वचितच पाहतो. ते असायला हवे.

आता आजच्या मशिन शॉपमध्ये येऊ. एका कारखान्यातला प्रसंग मी जवळून पाहिला आहे. रात्रपाळीच्या ऑपरेटरला बोअरमध्ये बारीक फरक दिसला. टूल झिजले होते. मशिन थांबवायचे तर सुपरवायझरची परवानगी हवी, सुपरवायझरला शिफ्ट इंचार्जची, आणि इंचार्जला उत्पादनाचा आकडा कमी पडल्याचे उत्तर सकाळी मीटिंगमध्ये द्यायचे होते. मशिन चालूच राहिले. सकाळी सगळा लॉट रिजेक्ट झाला. मग चौकशी झाली आणि मेमो मिळाला तो ऑपरेटरला. त्यानंतर त्या शॉपमध्ये कोणी काही दिसल्याचे बोलेना. माणसे आळशी नव्हती की अडाणी नव्हती. बोलण्याचा आणि न बोलण्याचा हिशेब त्यांना नीट कळला होता.

जपानमध्ये साकिची टोयोडा यांनी धागा तुटला की स्वतःहून थांबणारा माग बनवला. वाईट कापड विणत राहण्यापेक्षा थांबणे स्वस्त, हा त्यामागचा विचार. त्यांच्या घराण्याने पुढे मोटारी बनवायला घेतल्या, तेव्हा तोच विचार माणसाच्या हाती दिला गेला. टोयोटाच्या जुळणीच्या लाइनवर साध्या कामगारालाही दोरी ओढून खोट दाखवता येते आणि ती वेळेत सुटली नाही तर लाइन थांबते. आपल्याकडे पुणे-चाकणच्या अनेक कारखान्यांनी ही दोरी, तो दिवा, तो भोंगा सगळे बसवले आहे. पण दोरी ओढल्यावर धावत येणारा वरिष्ठ ‘काय अडचण आहे?’ असे विचारतो, की ‘कोणी थांबवली?’ असे विचारतो, यावर सगळे अवलंबून असते. दोरी विकत मिळते. तो पहिला प्रश्न मात्र वरून झिरपत खाली येतो.

हे उलटे झाले की काय होते, ते अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेने दाखवले. प्रत्येक ग्राहकाला बँकेच्या आठ सेवा विकायच्या, असे उद्दिष्ट वरून ठरले होते. ते गाठणे शक्य नव्हते. शाखांतल्या माणसांनी नोकरी टिकवण्यासाठी ग्राहकांना न विचारता त्यांच्या नावाने लाखो खाती उघडली. सप्टेंबर 2016 मध्ये बँकेला 18 कोटी 50 लाख डॉलरचा दंड झाला, तेव्हा उघड झाले, की या प्रकारात सुमारे 5,300 कर्मचाऱ्यांना आधीच काढून टाकलेले होते. त्यांत बहुतेक खालच्या पातळीवरचे. उद्दिष्ट ठरवणारे तोवर आपापल्या जागी होते. मुख्य अधिकारी जॉन स्टम्फ महिन्याभराने पायउतार झाले, आणि 2020 मध्ये त्यांना पावणेदोन कोटी डॉलरचा दंड व बँकिंग व्यवसायात आजन्म बंदी झाली. पण या सगळ्याला जी वर्षे लागली, त्या वर्षांत कित्येक साध्या माणसांच्या नोकऱ्या आणि नाव दोन्ही गेले होते. इथे बँकेतली मंडळी बसली आहेत. मार्चअखेर विमा पॉलिसी खपवण्यासाठी शाखेवर काय दबाव असतो, हे मी त्यांना सांगायला नको.

आता कोणी म्हणेल, की सगळ्यांवर भरवसा टाकून बसले तर धंदा कसा चालेल? शंका रास्त आहे. कामाचे शिक्षण न देता, मोजमाप न ठरवता अधिकार देणे म्हणजे माणसाला तोंडघशी पाडणे आहे. या बाबतीत मला लिज्जत पापड सुरू करणाऱ्या मुंबईच्या गिरगावातल्या बायकांकडे बोट दाखवावेसे वाटते. 15 मार्च 1959 रोजी एका इमारतीच्या गच्चीवर सात जणी पापड लाटायला बसल्या. छगनलाल पारेख ऊर्फ छगनबाप्पा यांच्याकडून ऐंशी रुपये उसने घेतले होते. पहिल्या दिवशी चार पाकिटे पापड झाले. त्या वर्षी पावसाळ्याचे चार महिने काम बंद ठेवावे लागले, कारण पापड वाळेनात. पुढच्या पावसाळ्यात बायकांनी खाट आणली, वर पापड पसरले आणि खाली शेगडी ठेवली. ही युक्ती कोणा सल्लागाराने दिलेली नव्हती. छगनबाप्पांनी दोन गोष्टींवर आग्रह धरला. मालाचा दर्जा एकच राहील आणि हिशेब चोख राहतील. देणगी मागायची नाही, तोटा झाला तर तोही सगळ्या बहिणींनी मिळून सोसायचा.

लिज्जतची पद्धत आजही पाहण्यासारखी आहे. सकाळी मळलेले पीठ केंद्रावरून वजन करून दिले जाते आणि बहिणी ते घरी नेऊन लाटतात. लाटताना डोक्यावर कोणी उभे नसते. दुसऱ्या दिवशी पापड तपासून, मोजून घेतले जातात आणि लाटणावळ चुकती होते. मोजमाप कडक आणि मधला वेळ पूर्ण तिचा. नफ्यातही ती वाटेकरी, कारण तीच मालकीण. भरवसा आणि हिशेब यांत भांडण आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी लिज्जतच्या एखाद्या केंद्रावर सकाळी जाऊन उभे राहावे.

नेत्याच्या कामाचा आणखी एक भाग आहे, ज्याविषयी आपण फार कमी बोलतो. आणंदच्या अमूलचे नाव घेतले की आपल्याला डॉ. वर्गीस कुरियन आठवतात, आणि ते योग्यच आहे. मला त्यांच्याबरोबर त्रिभुवनदास पटेल आठवतात. खेडा जिल्ह्याच्या दूध संघाचे ते अध्यक्ष, स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगवास भोगलेले, गावागावात ज्यांचा शब्द चाले असे पुढारी. 1949 साली आणंदला आलेला, तिथून निघून जाण्याच्या बेतात असलेला एक परप्रांतीय, गुजराती न येणारा तरुण अभियंता त्यांनी ठेवून घेतला आणि कारभार त्याच्या हाती दिला. त्या तरुणाने पुढे आपले सहकारी एच. एम. दलाया यांच्यावर असाच विश्वास टाकला. म्हशीच्या दुधाची भुकटी होत नाही, असे परदेशी तज्ज्ञ छातीठोकपणे सांगत होते. दलायांनी ती करून दाखवली आणि 1955 मध्ये आणंदला भुकटीचा कारखाना उभा राहिला. या सगळ्या काळात गावच्या आणि राजकारणाच्या रेट्याला सामोरे जाण्याचे काम त्रिभुवनदासांनी आपल्याकडे ठेवले, दुग्धशाळेच्या कामात ढवळाढवळ केली नाही. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, अजून मान होता, मते होती, तेव्हाच ते आपण होऊन अध्यक्षपदावरून दूर झाले. आपल्या सहकारी संस्थांतल्या किती अध्यक्षांविषयी आपल्याला असे म्हणता येईल?

आणि किती घरगुती उद्योगांविषयी? आज इथे बसलेल्यांत अनेक जण वडिलांच्या कारखान्यात काम करतात. काही जण पंधरा-वीस वर्षे करत आहेत, पण चेकवर सही अजून वडिलांचीच चालते. ज्येष्ठांना मी आदराने सांगू इच्छितो, की मुलगा-मुलगी तयार झाल्यावर अधिकार देऊ, असे आपण म्हणतो खरे, पण अधिकाराशिवाय तयार होणे घडत नाही. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शांतनुराव किर्लोस्कर अमेरिकेतून शिकून 1926 मध्ये परतले, तेव्हा लक्ष्मणराव पुरते कर्तेसवरते होते. तरी वाडीच्या कामात शांतनुरावांना वाव मिळाला, आणि पुढे 1946 मध्ये पुण्यात ऑइल इंजिनांचा उद्योग त्यांनी उभा केला.

या परिषदेकडून ठरावांची अपेक्षा असते. मी ठराव मांडत नाही, विनंती करतो. इथून परत गेल्यावर या आठवड्यातच आपल्या संस्थेतला एक असा निर्णय निवडा, जो आज आपल्या सहीशिवाय होत नाही. मशिन थांबवण्याचा असेल, ग्राहकाला माल बदलून देण्याचा असेल, ठराविक रकमेपर्यंत खरेदीचा असेल. तो ते काम रोज करणाऱ्या माणसाकडे द्या. मर्यादा लिहून द्या, मोजमाप ठरवा, आणि चूक झाली तर तिचे नुकसान व्यवस्थापनाच्या खात्यावर टाकले जाईल, हे सगळ्यांसमोर सांगा. वर्षभरात चूक होईलच. ती झाली त्या दिवशी आपण काय केले, ते पुढच्या वर्षीच्या परिषदेत येऊन इथे सांगा. तेव्हा त्या ऑपरेटरला, त्या कारकुनाला, त्या शाखा कर्मचाऱ्यालाही सोबत घेऊन या, आणि त्याच्या तोंडूनही ऐकू द्या.