राजा दीनदयाळ आणि चित्रातला अनामिक



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, ते भूगोलाच्या तासाला नकाशा गुंडाळून ठेवीत आणि आम्हांला क्षिप्रेच्या घाटावर नेत. आधी पाहावे, मग वहीत उतरवावे, असा त्यांचा आग्रह असे. म्हणून आज पाहण्याविषयीच बोलतो.

२०१३ साली मी कन्येकडे कॅनडात टोरोंटोला गेलो होतो. तेथील रॉयल ओंटारिओ म्युझियममध्ये राजा दीनदयाळ यांच्या छायाचित्रांचे प्रदर्शन भरले होते. हैदराबादच्या निजामाच्या पदरचा हा छायाचित्रकार. तेव्हा दरबार आणि शिकारी पाहावयास मिळतील, एवढीच माझी अपेक्षा. वर्गात मीही वर्षानुवर्षे हेच सांगत आलो होतो, की आपल्याकडील आरंभीचे छायाचित्रण म्हणजे निव्वळ राज्यकर्त्यांची नजर.

ते अर्धसत्य होते. दीनदयाळ घडले आपल्या शेजारी, इंदुरात. जन्म १८४४ चा, मेरठजवळच्या सरधन्याचा; शिक्षण रुरकीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात. १८६६ साली ते इंदुरात बांधकाम खात्यात नोकरीस लागले आणि १८७४ च्या सुमारास कॅमेऱ्याकडे वळले. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांचे त्यांना उत्तेजन होते. पुढे सर लेपेल ग्रिफिन यांच्या १८८६ च्या ग्रंथात त्यांनी टिपलेली ग्वाल्हेर, खजुराहो, सांची येथील दृश्ये प्रसिद्ध झाली. मागणी साहेबाची खरी. पण पाहणारा डोळा नकाशे आणि अंदाजपत्रके करून तयार झालेला होता. म्हणूनच त्यांच्या चित्रांत वास्तू एकटी येत नाही. तिच्याखालचा खडक आणि भोवतालचे रान घेऊन येते.

पुष्कळ चित्रांत एखादा मनुष्य निश्चल उभा दिसतो. वास्तूची उंची कळावी, एवढेच त्याचे काम. वास्तूखाली तिचे नाव असते, याचे नसते. माझी दृष्टी मात्र आता त्याच्यावरच खिळते. उन्हात त्याला किती वेळ उभे केले असेल?

दीनदयाळांच्या २,८५७ काचपट्ट्या १९८९ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने घेतल्या, म्हणून त्या वाचल्या. आपल्या घरोघरी पडलेल्या जुन्या छायाचित्रांचे काय? माजी विद्यार्थ्यांनी ती शाळेत आणावीत. मात्र मागे माणसांची नावे लिहून आणावीत. मजजवळ १९६३ सालचे एक आहे: रामघाट, गुरुजी आणि आम्ही चौघे. तिघांची नावे मी लिहिली आहेत. चौथा ज्याला ओळखता येईल, त्याने व्याख्यानानंतर कृपया थांबावे.