प्राथमिक शाळेतील पुस्तकांची विषयवार मांडणी

(शिक्षक व ग्रामस्थ यांच्या मेळाव्यातील भाषण)



प्राथमिक शाळांना पुस्तके मिळत नाहीत, ही तक्रार आता पूर्वीइतकी खरी राहिलेली नाही. 1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर, 1987 साली सुरू झालेल्या खडू-फळा मोहिमेत पुस्तकांचा समावेश होता. 2018-19 पासूनच्या समग्र शिक्षा योजनेत शालेय ग्रंथालयासाठी अनुदानाची तरतूद करण्यात आली. पुस्तके शाळेपर्यंत येतात. ती मुलाच्या हाती पडतात काय, हा खरा प्रश्न आहे.

पुष्कळ शाळांतून पुस्तके दाखल क्रमांकाने लावलेली आढळतात. तपासणीच्या दृष्टीने ही मांडणी सोयीची आहे, यात शंका नाही. नोंदवही हाती घेतली की मोजदाद झटपट उरकते. परंतु पुस्तक शाळेत केव्हा आले, एवढेच हा क्रमांक सांगतो. पुस्तकात काय आहे, याविषयी तो मुका असतो. किनाऱ्यावर रापण ओढताना पाहून शाळेत आलेल्या मुलाला माशांविषयी वाचावेसे वाटले, तर त्याने 37 क्रमांकाचे पुस्तक मागावे, अशी अपेक्षा कशी करावी?

यावर कोणी म्हणेल की, मोठ्या ग्रंथालयांतील दशांश वर्गीकरणच शाळेत आणावे. मेल्विल ड्यूई यांनी 1876 साली प्रसिद्ध केलेली ही पद्धती थोर आहे. मात्र तिची रचना विद्याशाखांनुसार आहे. प्राणिशास्त्रातील मासा 597 मध्ये, मासेमारी 639 मध्ये आणि माशाचे कालवण 641 मध्ये! विद्वानाला हे विभाजन उपयोगी पडते. मुलाच्या लेखी मासा एकच असतो. शिवाय ज्याने अद्याप दशांश अपूर्णांक शिकलेले नाहीत, त्याच्यापुढे असे आकडे मांडून काय साधणार?

वाचकाकडे पाहून पद्धती ठरवावी, हा विचार नवा नाही. बडोदे संस्थानात 1906 साली शिक्षण सक्तीचे झाले. शिकलेल्या प्रजेला वाचावयास ग्रंथ हवेत, हे ओळखून महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी 1910 साली अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालास पाचारण केले. बॉर्डन यांनी ड्यूईंची पद्धती जशीच्या तशी न लादता बडोद्यासाठी स्वतंत्र वर्गीकरण तयार केले. तालेवार संस्थानाला जे पटले, ते दोन शिक्षकी शाळेलाही पटण्यासारखे आहे.

अशा शाळेला आठ-नऊ गट पुरेत. प्राणी व पक्षी, झाडे व शेती, समुद्र, नदी व पाऊस, यंत्रे व प्रयोग, आपले गाव, राज्य व दूरचे देश, सण व चालीरीती, थोर माणसे, गोष्टी, गाणी व कविता. प्रत्येक गटाला एक रंग द्यावा आणि पुस्तकाच्या पाठीवर त्या रंगाच्या कागदाची पट्टी चिकटवावी. माशांची, होड्यांची व भरती-ओहोटीची पुस्तके निळ्या पट्टीखाली एकत्र येतील. बेडूक कोठे बसवावा, असा वाद पडल्यास मुलांनाच विचारावे. ती जेथे प्रथम शोधतील तेथे तो ठेवावा आणि दुसऱ्या गटात पुठ्ठ्याची चिठ्ठी लावावी. मोठ्या ग्रंथालयाची ओळख राहावी म्हणून पट्टीच्या खाली लहान अक्षरांत दशांश क्रमांक लिहिण्यास हरकत नाही.

पुस्तके इयत्तावार लावावीत, असा आग्रह काही शिक्षक धरतात. तो सद्हेतूचा असला तरी मान्य करणे कठीण आहे. चौथीतील ज्या मुलाला अजून जोडाक्षरे अडतात, तो सवंगड्यांच्या देखत पहिलीच्या फळीकडे जाणार नाही. तो पुस्तक घेणारच नाही, आणि वाचन कच्चे ते कच्चेच राहील. विषयवार मांडणीत चित्रांचे पातळ पुस्तक आणि मजकुराचे जाड पुस्तक शेजारी असतात. मुलाने निळ्या पट्टीतून काय उचलले, याची कोणी चौकशी करीत नाही. आज चित्रे पाहणारा तोच मुलगा उद्या शेजारचे जाड पुस्तकही चाळू लागतो. कच्च्या वाचकाची ही अब्रू राखणे हा या मांडणीचा सर्वांत मोठा लाभ होय, आणि नेमका तोच अहवालात कोठे नमूद होत नाही.

राहिला प्रश्न पुस्तके हरवण्याचा. पुस्तक गहाळ झाल्यास जाब आपल्याला द्यावा लागेल, या धास्तीने कपाटाला कुलूप लागते, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु दाखल नोंदवही बदलावी लागत नाही. पुस्तकाच्या आतील क्रमांकही तसाच राहतो. बदलते ती केवळ फळीवरची जागा. प्रत्येक गटातील पुस्तकांची संख्या कपाटाच्या दाराला आतून लिहून लावावी आणि दर शनिवारी चौथीच्या मुलांकडून रंगवार मोजणी करून घ्यावी. निळ्या पट्टीची वीस पुस्तके असून एकोणीस भरली, तर कोणते कमी आहे हे त्याच दिवशी कळते. फाटलेल्या पुस्तकांसाठी पालक-शिक्षक संघाने खळ, जाड कागद आणि वर्षातून एक दुपार द्यावी.