भावंडे आणि पापाची वाटणी



तुकोजी आणि जिवाजी पवार या बंधूंनी १७२८ पासून देवासचा कारभार पाहिला. पुढे एकाच गावात थोरली पाती व धाकटी पाती अशी दोन संस्थाने १९४८ पर्यंत नांदली. जमीन, महसूल आणि मानपान यांची वाटणी भावांना करता येते. पापाची येते काय, हा साहित्याचा जुना प्रश्न आहे. वाल्या कोळ्याच्या बायकामुलांनी पापाचा वाटा साफ नाकारला. भावंडे मात्र पुष्कळदा तो आपण होऊन मागून घेतात.

धारच्या भोजराजाच्या नावावर असलेले 'चंपूरामायण' सुंदरकांडाशी थांबते. युद्धकांडाची भर पुढे लक्ष्मणसूरीने घातली. मूळ वाल्मीकिरामायणात शूर्पणखा रावणापुढे केवळ सूडाची याचना करीत नाही. सीतेचे रूप ती रसभरित वर्णिते आणि 'तुझ्यासाठीच तिला आणावयास गेले, म्हणून ही विटंबना झाली,' असे खोटे सांगते. स्वतःचा अपमान ती भावाच्या वासनेला जोडून देते. बहिणीला सूड हवा, भावाला परस्त्री हवी; दोघांचेही निमित्त बंधुप्रेम! कुंभकर्णाची गोष्ट याहून अवघड. रावणाचे चुकले हे तो तोंडावर सांगतो आणि तरीही त्याच्यासाठीच लढून मरतो.

विजय तेंडुलकरांच्या 'गिधाडे' या नाटकात ही लंका मध्यमवर्गीय घरात उतरली. डॉ. श्रीराम लागू यांच्या दिग्दर्शनाखाली १९७० मध्ये ते रंगभूमीवर आले, तेव्हा प्रेक्षक हादरले. रमाकांत, उमाकांत आणि माणिक एरवी एकमेकांच्या जिवावर उठलेले; पण बापाकडून पैसा उकळताना तिघांचे एकमत होते. पुढे तेच दोघे भाऊ माणिकवर उलटतात. बापानेही पूर्वी आपल्या सख्ख्या भावाला फसवलेले असते. पापातली भागीदारी भावंडांना जवळ आणते ती एवढीच, पुढचे सावज मिळेपर्यंत.

वाटणीने जमीन कमी होते. पाप मात्र प्रत्येकाच्या वाट्याला सबंध येते. कृत्य सर्वांचे म्हटले, की कोणालाच ते आपले वाटत नाही, आणि भावंडांच्या संगनमताचे खरे बळ हेच. वाटा नाकारणाऱ्या बिभीषणाला लोकांनी घरभेदी म्हटले आणि जाणूनबुजून साथ देणाऱ्या कुंभकर्णाच्या निष्ठेचे कौतुक केले. घराची अब्रू राखण्यासाठी गप्प बसणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने हा निवाडा पुन्हा एकदा तपासून पाहावा, एवढे या ग्रंथांचे मागणे आहे.