शाळेची दुर्बीण आणि कॅमेरा



आपल्या बॅचच्या निधीतून शाळेला नवी दुर्बीण द्यावी, असं काही जणांनी सुचवलं आहे. कारण एकच, जुन्या दुर्बिणीला कॅमेरा लावला तर चंद्राचा फोटो स्पष्ट येत नाही. मुलांना फोटो हवे असतात, त्यात गैर काहीच नाही. पण प्रयोगशाळेतली ती दुर्बीण सरांनी स्वतः काच घासून बनवली आहे. तिला निवृत्त करण्याआधी फोटो का येत नाही, ते तरी पाहू या. गेल्या महिन्यात मी तिची मापं घेतली, तीच आज सांगते.

ही न्यूटनच्या पद्धतीची परावर्तक दुर्बीण. तळाचा अंतर्वक्र आरसा 150 मिमी व्यासाचा, नाभीय अंतर 1200 मिमी. त्यावरून परतलेला प्रकाश वरच्या लहान तिरक्या आरशावर वळतो आणि बाजूच्या फोकसरमधून बाहेर येतो. फोकसर पूर्ण आत घेऊन समोर ट्रेसिंग पेपर धरला, तर चंद्राची प्रतिमा त्याच्या तोंडापासून 18 मिमीवर उमटते. नेत्रिकेला तेवढं पुरतं. कॅमेऱ्याचा सेन्सर मात्र बॉडीत खोल बसलेला असतो. लेन्स काढून टी-रिंगने कॅमेरा जोडला, की सेन्सर तोंडापासून 55 मिमी लांब जातो. म्हणजे प्रतिमा सेन्सरच्या 37 मिमी अलीकडेच तयार होते. आरशात काही दोष नाही, तो आजही उत्तम आहे.

बार्लो भिंग घालून प्रतिमा मागे ढकलता येते. पण आपल्या नाभीय अंतराला चंद्राची प्रतिमा साधारण 11 मिमीची होते. दुप्पट करणाऱ्या बार्लोने ती 22 मिमी होईल आणि एपीएस-सी सेन्सरची उंची आहे जेमतेम 15 मिमी. पूर्ण चंद्र मावणार नाही.

सरळ उपाय म्हणजे तळाचा आरसा 40 मिमी वर सरकवायचा. आरसा जेवढा वर, तेवढीच प्रतिमा बाहेर. आरशाची बैठक नळीला तीन स्क्रूंनी धरली आहे. 40 मिमी वर तीन नवी भोकं पाडायची आणि बैठक तिथे कसायची. नळी कापायची नाही, जुनी भोकंही तशीच ठेवायची. म्हणजे कधी वाटलं तर दुर्बीण पुन्हा होती तशी करता येईल.

यात एक धोका असतो. आरसा वर आला, की लहान आरशापाशी प्रकाशाचा शंकू अधिक रुंद होतो, आणि तो आरसा अपुरा पडला तर चंद्राच्या कडा काळवंडतात. आपल्याला संपूर्ण चंद्रासाठी 36 मिमी रुंदी लागेल. सरांनी बसवलेला आरसा 38 मिमीचा आहे. दोन मिमी शिल्लक!

डोळ्याने पाहताना नेत्रिकेखाली 40 मिमीची जोडनळी घालावी लागेल. कॅमेऱ्याच्या वजनाने तोंड खाली झुकेल, म्हणून तळाकडे तेवढा भार बांधावा लागेल. अर्ध्या चंद्राला आयएसओ 400 वर सेकंदाचा शंभरावा भाग पुरतो. तेवढ्या वेळात चंद्र हलल्याचं कळतही नाही, त्यामुळे मोटर नको. तेजोमेघांचे फोटो मात्र यातून येणार नाहीत, त्यासाठी आकाशामागे फिरणारी बैठक लागते. आणि सूर्याकडे, नळीच्या तोंडावर सौर फिल्टर घट्ट बसवल्याशिवाय, दुर्बीण कधीही वळवायची नाही. ना डोळ्यासाठी, ना कॅमेऱ्यासाठी.

तेव्हा माझी सूचना अशी, की निधीतून टी-रिंग, जोडनळी, सौर फिल्टर आणि एक वापरलेला कॅमेरा घ्यावा. उरलेले पैसे ग्रंथालयाला द्यावेत. नवी दुर्बीण मुलं वापरतील, पण ही दुर्बीण उघडून, मोजून, पुन्हा जोडताना ती प्रकाशाचा धडा हाताने शिकतील. भोकं पाडण्याआधीची मापं नववीच्या मुलांनीच पुन्हा घ्यावीत.

सर, दुर्बीण तुमची आहे. ड्रिल लावायची परवानगी तुम्हीच द्यायची. तुम्ही हो म्हणालात, तर येत्या शुद्ध अष्टमीला अर्धा चंद्र संध्याकाळी डोक्यावर असेल, विवरांच्या सावल्या लांब पडलेल्या असतील. पहिला फोटो तुमच्या हातून काढून घ्यायचा आहे.