तिराला पीस कुठलं घ्यायचं

(सातपुड्यातल्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात पाड्यावरच्या एका म्हाताऱ्या तीर करणाऱ्याचं बोलणं. जसं बोलले तसंच उतरवलं आहे.)



मला भाषण येत नाही. माझा हात चालतो, तोंड कमी चालतं. पण पोरं म्हणाली, बाबा, तिराचं सांगा. म्हणून उभा राहिलो.

पहिलं हे समजून घ्या, पीस शोभेला नसतं. तीर सुटला की पात्याचं वजन पुढे असतं. मागचं पीस हवेला अडतं, म्हणून शेपूट मागेच राहतं. पीस नसलं तर तीर वाटेत आडवा होतो. पातं कितीही धार लावलेलं असो, आडवा तीर लागत नाही.

आता पीस कसं बघायचं? छातीचं, पोटाचं मऊ पीस फेकून द्या. पंखाच्या टोकाकडचं लांब, ताठ पीस घ्या. बोटाने उलटं विस्कटा, मग दोन बोटांत धरून सुलटं ओढा. परत जुळलं, फट राहिली नाही, तर पीस जिवंत आहे. फट राहिली तर किडीने खाल्लंय. वाकडं झालेलं असेल तर फेकू नका, उकळत्या पाण्याच्या वाफेवर धरा, सरळ होतं.

घुबडाचं पीस आवाज करत नाही म्हणून काही जण मागतात. पण ते फार मऊ, तिराला धरून ठेवत नाही. मोराचं डोळ्याचं पीस तर बिलकुल नको. त्याचे धागे सुटे असतात, एकमेकांत अडकत नाहीत. हवा त्यातून निघून जाते. ते डोक्याला खोवा, तिराला बांधू नका.

सगळ्यात मोठी चूक सांगतो. डाव्या पंखाचं एक आणि उजव्या पंखाचं एक, असं एकाच तिराला लावतात. दोघांचा बाक उलटा. एक इकडे फिरवतं, दुसरं तिकडे. तीर डुलत जातो आणि पोरगा म्हणतो, कामठा खराब आहे! सगळी पिसं टोक पुढे, चकचकीत बाजू वर, अशी जमिनीवर मांडा. अरुंद बाजू ज्यांची उजवीकडे आली त्यांचा एक ढीग, डावीकडे आली त्यांचा दुसरा. एका तिराला एकाच ढिगातली.

दांडी मधोमध चिरा, रुंद पट्टी ठेवा. चार बोटं लांब पुरे. पातं जड असेल तर पट्टी थोडी लांब. बुडखा पात्याकडे, टोक खाचेकडे. तीन लावणार असाल तर एक खाचेला आडवं येऊ द्या आणि तीर ओढताना ते कामठ्यापासून बाहेरच्या बाजूला ठेवा. म्हणजे बाकीची दोन कामठ्याला घासत नाहीत. डिंक लावा, वरून सूत गुंडाळा.

आता ज्याच्यासाठी उभा राहिलो ते सांगतो. आमच्या लहानपणी गिधाडाचं पीस घ्यायचो. मेलेल्या ढोराजवळ पडलेलं मिळायचं. आता ढोर मेलं तरी गिधाड उतरत नाही. ढोरांना सूज-दुखण्याचं जे डायक्लोफेनॅक द्यायचे, ते मेलेल्या ढोराच्या मांसातून गिधाडाच्या मूत्रपिंडाला गेलं आणि गिधाडं मेली. २००६ मध्ये ते ढोरांना देणं बंद केलं. पण पीस गेलं ते गेलंच.

मग माझ्या मुलाने मोराच्या पंखाचं पीस लावलं. रानात पडलेलं होतं, मोर मारला नव्हता. होळीच्या आधी भोंगऱ्या बाजाराला जाताना एका नाक्यावर अडवलं. कुठून आणलं, मोर कधी मारला, दिवसभर तेच. रात्री सोडलं, तीर ठेवून घेतले.

तेव्हा मी कायदा वाचून घेतला. २००६ च्या वनहक्क कायद्यात बांबू गौण वनउपजात लिहिला आहे. १९२७ च्या कायद्यात तो झाडात धरला होता. म्हणजे कामठा बांबूचा, दोरी बांबूची, हा आपला हक्क. पण त्याच कायद्यात शिकारीचा हक्क दिलेला नाही, आणि गौण वनउपज म्हणजे झाडाझुडपांपासूनची वस्तू, असं लिहिलंय. पीस त्यात बसत नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात मोराच्या शेपटीच्या झडलेल्या पिसाला खरेदी-विक्रीची सूट आहे. पंखाच्या पिसाला नाही. म्हणजे बघा, जे पीस तिराला चालत नाही त्याला सूट, आणि जे चालतं त्याच्यावर केस!

मग करायचं काय? घरच्या गावठी कोंबड्याच्या पंखाची लांब पिसं घ्या. हलक्या तिराला चांगली चालतात. कोणाकडे टर्की असेल तर त्याची त्याहून ताठ. कोंबडं कापलं की पंख उकिरड्यावर टाकू नका. बायांनो, तुम्हीच ते साफ करता, तुम्हीच बाजूला काढा. कडुनिंबाच्या पाल्यात ठेवा, कीड लागत नाही.

काही जण म्हणतील, म्हातारा घाबरला. घाबरलो नाही. जमिनीच्या दाव्यासाठी जेलात जायची वेळ आली तर जाऊ. पण एका पिसापायी आपला पोरगा केसमध्ये अडकला, तर दाव्याच्या तारखेला कोण जाणार? भांडण आपण निवडायचं, दुसऱ्याने नाही.

मोर्चाला येताना तीर-कामठा आणा. कोणी विचारलं तर छाती काढून सांगा: बांबू आमच्या हक्काचा, कोंबडा आमच्या घरचा.

जिंदाबाद.