मे महिन्यातलं हॅकिंटॉश: 125 वॉट, थंडरबोल्ट आणि एका लग्नाचं फुटेज

(या भागात जे बोललो ते इथे लिहून देतोय. सेटिंगचे आकडे ऐकताना सुटतात, म्हणून.)

मी बोलतोय केळापूर तालुक्यातून, म्हणजे पांढरकवड्याहून. तालुक्याचं नाव केळापूर, पण तहसील आणि बाजार पांढरकवड्यात. बाहेरच्यांचा गोंधळ होतो, आमचा होत नाही. रेकॉर्डिंगसाठी कूलर बंद केलाय, त्यामुळे आज मुद्द्याचंच बोलतो.

हॅकिंटॉश म्हणजे ॲपलचा नसलेला, आपण सुटे भाग आणून जोडलेला कॉम्प्युटर आणि त्यावर मॅकओएस. माझ्याकडे इंटेलचा आय-7 10700के प्रोसेसर, थंडरबोल्ट 3 असलेला मदरबोर्ड आणि ओपनकोर हा बूटलोडर. हिवाळ्यात बांधला, मस्त चालला. बेंचमार्कचा आकडा मित्रांना पाठवून झाला. मग मे आला.

माझा एक मित्र लग्नाचं शूटिंग करतो. त्याला फायनल कटमध्ये एक लग्न एक्सपोर्ट करायचं होतं. रात्री थंडरबोल्ट एसएसडी घेऊन आला. एक्सपोर्ट सुरू झालं आणि थोड्या वेळात वेग इतका पडला की उरलेली वेळ कमी व्हायच्या ऐवजी वाढायला लागली. मी शहाणपणा केला: थांबवलं आणि "थंड होऊ दे" म्हणून मशीन स्लीपला टाकली. अर्ध्या तासाने उठवली, तर डिस्क नीट काढली नाही असा मेसेज आणि ड्राइव्ह गायब.

मित्र म्हणाला, "काऊन रे, ड्राइव्ह दिसून नाही राहिली?" मग हळूच म्हणाला, "कार्डं तर मी फॉरमॅट केली बे. उद्या दुसरं लग्न आहे."

पूर्ण बंद करून, केबल लावून पुन्हा सुरू केलं तेव्हा ड्राइव्ह आली. फुटेज शाबूत होतं. पण ती दहा मिनिटं मी विसरणार नाही. लग्न पुन्हा लावता येत नाही ना!

आता यात दोन वेगळ्या भानगडी होत्या. एकेक घेऊ.

पहिली, प्रोसेसर. इंटेलच्या हिशोबात या प्रोसेसरला दोन मर्यादा आहेत. पीएल-1, म्हणजे सतत खायची वीज: 125 वॉट. पीएल-2, म्हणजे थोड्या वेळाच्या धावेसाठी: 229 वॉट. आणि ही धाव साधारण 56 सेकंदांची, तिला टाऊ म्हणतात. पण बरेच मदरबोर्ड बायॉसमध्ये या मर्यादा मोकळ्याच सोडतात. माझाही तसाच होता. म्हणजे धाव संपतच नाही.

आता साधं गणित. माझ्या कूलिंगवर दर 100 वॉटमागे प्रोसेसर खोलीपेक्षा साधारण 31 अंशांनी तापतो. 200 वॉट खाल्ले तर 62. हिवाळ्यात खोली 22 अंश, बेरीज 84. मे महिन्यात खोली 40, बेरीज 102. आणि हा प्रोसेसर 100 अंशांवर स्वतःच वेग कमी करतो. पंखा कितीही भारी लावा, तो खोलीतलीच हवा फेकणार. खोलीपेक्षा थंड तो करू शकत नाही.

म्हणून बायॉसमध्ये पीएल-1 केलं 95, पीएल-2 केलं 125, टाऊ 28 सेकंद. व्होल्टेज 0.05 व्होल्टने खाली घेतलं. हे शेवटचं तुमच्या चिपवर अवलंबून आहे, थोडं थोडं कमी करा आणि दर वेळी तासभर लोड देऊन बघा. व्होल्टेजचा फायदा मोठा, कारण विजेचा खप व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. आता भर दुपारी तापमान सत्तरीत राहतं. आधी थंडीत 11 मिनिटांत होणारं एक्सपोर्ट आता साडेबारा मिनिटं घेतं, पण मे असो की डिसेंबर, साडेबाराच.

मॅकओएसच्या बाजूने दोन गोष्टी तपासा. बायॉसमध्ये सीएफजी लॉक बंद हवं, कारण मॅकओएसला पॉवर मॅनेजमेंटसाठी प्रोसेसरच्या एका रजिस्टरमध्ये लिहायचं असतं. लॉक असलं तर बूटच अडकतं. ओपनकोरमध्ये त्यावर एक क्वर्क आहे, पण लॉक काढता येत असेल तर तेच करा. दुसरं, एसएसडीटी-प्लग ही छोटी फाइल. मॅकओएसच्या जुन्या आवृत्त्यांत ती नसली तर ॲपलचं पॉवर मॅनेजमेंट नीट लागत नाही. काम नसताना प्रोसेसरचा वेग खाली उतरतो का बघा. माझा 800 मेगाहर्ट्झपर्यंत येतो.

दुसरी भानगड, थंडरबोल्ट. दिसायला यूएसबी-सीसारखंच भोक, पण आतून पीसीआय एक्सप्रेस बाहेर काढलेलं असतं. म्हणजे ड्राइव्ह जणू थेट मदरबोर्डवर बसवली. म्हणूनच मॅकओएसला त्या पोर्टची नीट ओळख करून द्यावी लागते. ती नसेल तर बूटच्या आधी लावलेली ड्राइव्ह चालते, नंतर लावलेली दिसत नाही आणि स्लीपनंतर गायब होते. माझं नेमकं हेच झालं.

मी काय केलं? बायॉसमध्ये थंडरबोल्टची सिक्युरिटी "नो सिक्युरिटी" ठेवली. त्यामुळे अनोळखी उपकरण त्या पोर्टला अजिबात लावायचं नाही, कारण ते थेट मेमरीपर्यंत पोहोचू शकतं. बोर्डाप्रमाणे हॉटप्लगची एसएसडीटी टाकली. आता नंतर लावलेली ड्राइव्हही दिसते, पण स्लीपवर माझा भरवसा बसला नाही. म्हणून ऑटोमॅटिक स्लीप बंद आणि कामाची ड्राइव्ह बूटच्या आधीच लावायची.

पुढची पायरी म्हणजे थंडरबोल्ट चिपचं फर्मवेअर बदलणं. चिमटा लावून चिपवर लिहितात लोक, आणि होतंही. मी थांबलो. चुकलं तर पोर्ट कायमचं मेलं, आणि इथे ते दुरुस्त करणारं कुणी नाही.

शेवटी स्पष्ट सांगतो. ॲपलच्या परवान्यात मॅकओएस फक्त ॲपलच्या मशीनवर चालवायची मुभा आहे. सायस्टार नावाची कंपनी असे कॉम्प्युटर विकायची, ती 2009 मध्ये ॲपलविरुद्धची केस हरली. शिवाय जून 2025 मध्ये ॲपलने सांगून टाकलं की मॅकओएस टाहो 26 हे इंटेल मॅकसाठी शेवटचं. म्हणजे ही वाट संपत आलीये. शिकायला मात्र अजून सोन्यासारखी आहे. कॉलेजात चार वर्षांत जे बायॉस मला कळलं नाही, ते या डब्याने एका मे महिन्यात शिकवलं.

फक्त एक करा. प्रयोग स्वतःच्या डेटावर करा, दुसऱ्याच्या लग्नावर नाही. माझा मित्र आता फुटेजच्या दोन कॉपी झाल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करत नाही, आणि एक्सपोर्टला माझ्याकडे येत नाही. चहाला येतो.

तुमच्या खोलीचं दुपारचं तापमान आणि तुमचं पीएल-1 मला कळवा. पुढच्या भागात भेटू. पाणी पीत राहा!