कर्ट फ्लड : स्वाभिमानी खेळाडू
(वार्षिक मेळाव्यातील भाषण)



अमेरिकेत वाढणारी आपली मुले बेसबॉल खेळतात. या खेळातील एका मनस्वी माणसाची ओळख त्यांना व्हावी, म्हणून मी आज उभा आहे.

कर्ट फ्लड यांचा जन्म १९३८ साली ह्यूस्टन येथे झाला. बालपण ओकलंडमध्ये गेले. १९५६ साली ते व्यावसायिक खेळाडू झाले. दक्षिणेकडील कनिष्ठ संघांत हा कृष्णवर्णीय तरुण गोऱ्या सहकाऱ्यांसोबत जेवू शकत नसे. एकदा त्यांचा घामाने भिजलेला गणवेश इतरांच्या कपड्यांत पडला, तेव्हा तो काठीने उचलून वेगळा काढण्यात आला. ही आठवण त्यांनी स्वतः सांगितली आहे.

पुढे १९५८ ते १९६९ अशी बारा वर्षे ते सेंट लुईस कार्डिनल्सकडून मध्यमैदानात खेळले. उत्कृष्ट क्षेत्ररक्षणाचे 'गोल्ड ग्लोव्ह' पारितोषिक त्यांनी सलग ७ वर्षे मिळविले. १९६४ आणि १९६७ साली त्यांचा संघ विश्वविजेता ठरला. वार्षिक वेतन ९० हजार डॉलरपर्यंत पोहोचले होते.

ऑक्टोबर १९६९ मध्ये संघमालकांनी त्यांना न विचारता फिलाडेल्फियाच्या संघाकडे पाठविले. त्या काळच्या करारातील एका कलमामुळे खेळाडू कायमचा मालकाशी बांधलेला असे. मालक त्याला विकू शके. तो स्वतः मात्र दुसरा संघ निवडू शकत नसे. २४ डिसेंबर १९६९ रोजी फ्लड यांनी बेसबॉलचे आयुक्त बोवी कून यांना पत्र लिहून कळविले, की आपण खरेदी-विक्रीची वस्तू नाही. इतके वेतन असताना तक्रार कसली, असे लोक विचारीत. परंतु प्रश्न पैशाचा नव्हता, माणूसपणाचा होता.

त्यांनी न्यायालयात दावा दाखल केला. निवृत्त खेळाडू जॅकी रॉबिन्सन यांनी त्यांच्या बाजूने साक्ष दिली. मैदानावर खेळणारा एकही खेळाडू मात्र साक्षीला आला नाही. त्या खेळाडूंना दोष देताना माझी जीभ अडखळते. निवासी डॉक्टर असताना एका सहकाऱ्यावर झालेला अन्याय मी पाहिला होता. व्हिसा रुग्णालयाच्या हाती होता, म्हणून मी गप्प राहिलो. ती खंत आजही जात नाही.

१९७२ साली सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ३ मतांनी फ्लड यांच्याविरुद्ध निर्णय दिला. १९७० चा संपूर्ण हंगाम त्यांनी गमावला होता; १९७१ मध्ये वॉशिंग्टनकडून अवघे १३ सामने खेळून ते निवृत्त झाले होते.

परंतु प्रश्न उभा राहिला, तो राहिलाच. डिसेंबर १९७५ मध्ये लवादाच्या निर्णयाने इतर दोन खेळाडूंना मुक्तता मिळाली आणि सर्वांचा मार्ग खुला झाला. फ्लड यांना त्याचा लाभ झाला नाही. १९९७ साली घशाच्या कर्करोगाने, वयाच्या ५९ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी अमेरिकन काँग्रेसने त्यांच्या नावाने कायदा संमत केला.

बालमित्रांनो, उद्या तुमचा एखादा सहकारी एकटा उभा राहील. त्या वेळी त्याच्या शेजारी जाऊन उभे राहा. मी राहिलो नाही, म्हणून तुम्हांला सांगतो.